दहाच्या आत

हातमोजा काढ, एल्दियार.
उघड्या बोटांना जे कळतं ते लोकरीला कळत नाही.
हा खड्डा मी पहाटे चारला खणला, तू घोरत होतास.
भिंत बघ त्याची. अख्खा हिवाळा उभा कापलाय.
वर परवाचा पापुद्रा, मधे ती विटकरी रेघ
म्हणजे मार्चमधली धूळ,
कुठल्याशा वाळवंटातून आली आणि इथेच निजली.

आता मूठ दाब. गेली आत?
नसेल तर चार बोटं. मग एक.
मग पेन्सिल, आणि तीही अडली तर सुरी.
बर्फाच्या कडकपणाला आमच्याकडे एवढीच मापं,
शाळेच्या दप्तरात मावतील अशी.

तळाशी जा, पार जमिनीपर्यंत.
मूठभर उचल. ओघळले ना बोटांमधून?
भगरीसारखे सुटे दाणे. नोव्हेंबरातला बर्फ तो.
डोक्यावर दीड मीटर चढला
तरी अजून कुणाशी जुळवून घेतलेलं नाही त्यानं.

खांब मोकळा कर, वर फावडं आडवं धर.
टपल्या मार: दहा मनगटातून,
दहा कोपरातून, दहा खांद्यातून.
मोठ्यानं मोज, माझे कान आता जुने झालेत.

चोवीस.
बघितलंस? तुटला नाही, सरकला.
तेल दिलेला खण उघडावा तसा.

काल सत्तावीस होता. चोवीसही वाईट नाही म्हणतील तालुक्याचे साहेब.
पण रात्री पन्हाळ ऐकलीस का तू?
थांबलीच नाही. ढग उतरून बसले होते खिंडीवर,
पारा एक अंश वर, सकाळपर्यंत तिथेच.
रात्रीनं गोठवलं नाही तर
दिवसाला वितळवायला फार काही लागत नाही.

उन्हाकडची बाजू कुंगोय, सावलीकडची तेस्केय.
तुझ्या आजीलाही ठाऊक होतं, घर कुठे बांधायचं.
कुंगोय बोलका आहे. आठला बूट घोट्यापर्यंत,
दहाला गुडघा, अकराला नुसती पेज;
आधी लहान लहान चाकं सोडतो खाली,
खेळतोय असं वाटतं.
तेस्केय बोलत नाही. मनात ठेवतो,
आणि मे महिन्यात काढतो.

म्हणून फाटक पाडलं मी, दहाच्या आत.

खाली अकरा ट्रक. मेंढ्या, सिमेंट, कांदे,
आणि ओसमोनकुलच्या गाडीवर उभं बांधलेलं
कुणाच्या तरी लग्नाचं आरशाचं कपाट.
तो शिव्या देत होता, मी त्याच्या आरशात
कुंगोय बघत होते. उलटा, चकचकीत,
एकही भेग नसलेला.
"एजे, पोरीचं लग्न उद्या आहे," म्हणाला.
मी म्हटलं, उद्या आहे ना.

संध्याकाळ झाली. काही पडलं?
काही नाही पडलं.
दोन मुठी बर्फ घरंगळला, तोही रस्त्याच्या अलीकडे थांबला.
ड्रायव्हर हसले. तूही हसलास, मी पाहिलं.

नोंदवहीत रकाने आहेत:
वेळ, रुंदी, खोली, रस्ता किती मीटर, माणसं किती.
जे पडलं नाही त्याला रकाना नाही.
तारीख लिही, पुढे रेघ ओढ. सरळ ओढ.

मागची पानं चाळायची तर चाळ.
फक्त सत्त्याण्णवचा एप्रिल नको.
त्या सकाळी एकोणतीस आला होता,
आणि मी फाटक उघडं ठेवलं.
त्या पानावर सगळे रकाने भरलेले आहेत.
अक्षर माझंच आहे, ओळखू येणार नाही तुला.

चल, चहात दूध घाल, मीठ विसरू नकोस.
दोनला उठ आणि बाहेर जाऊन पारा बघून ये.
शून्याखाली गेला असेल तर मला झोपू दे.
नसेल तर उठव.